पाठ केलेली वचने टिकत नाहीत; आयुष्यभराची सवय कशी लावावी?

प्रश्न: पलासियाकर, इंदूर
सर्वांना ख्रिस्तामध्ये सलाम. लहानपणी शब्बाथ शाळेत दर रविवारी बायबलमधील एक सुवर्णवचन पाठ करून घेत आणि बक्षिसाच्या आशेने आम्ही ते घडाघडा म्हणून दाखवत असू. त्यांपैकी योहान ३:१६ आणि २३वे स्तोत्र एवढेच आज न अडखळता म्हणता येते. चाळिशी उलटल्यावर हा अभ्यास पुन्हा, आणि आता कायमचा म्हणून, सुरू केला आहे. नवे वचन आठवड्यात पाठ होते, पण महिन्याभराने अध्याय आणि वचनाचा क्रमांक तेवढा आठवतो, शब्द निसटतात. शिवाय घरी मराठी आणि मंडळीत उपासना हिंदीतून, त्यामुळे सरमिसळ होते ती वेगळीच. मोबाईलमध्ये संपूर्ण शास्त्र असताना हा खटाटोप कशाला, असे घरची तरुण मंडळी विचारतात.

उत्तर: बडोद्याहून एक वाचक
सुटी वचने सोडून सलग उतारा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, म्हणजे इस्राएलाच्या रानातील परीक्षेविषयीच्या एकाच उपदेशातली. उलट सैतानालाही वचन पाठ होतेच! त्याने ९१व्या स्तोत्रातील देवदूतांविषयीच्या ओळी म्हटल्या, पण सिंह आणि सर्प तुडवण्याविषयीचे लगेच पुढचे वचन येण्याआधीच तो थांबला. मागचे-पुढचे ठाऊक असणाऱ्याला अशी तोडलेली वचने लगेच खटकतात आणि तरुणांच्या प्रश्नालाही माझे हेच उत्तर आहे, कारण मोबाईलमध्ये शोधायचे तरी काय, हे आधी मनात असावे लागते.

उत्तर: लष्करवासी, ग्वाल्हेर
वरील मत पटते, तरी आपली अडचण उजळणीची आहे आणि सलग उताराही उजळणीवाचून टिकत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो. म्हणून नवे वचन पहिला आठवडा रोज, पुढे आठवड्यातून एकदा, त्यानंतर महिन्यातून एकदा म्हणावे, आणि अडखळल्यास ते पुन्हा रोजच्या गठ्ठ्यात टाकावे. मी कार्डाच्या एका बाजूला केवळ संदर्भ आणि दुसऱ्या बाजूला वचन लिहितो; कार्ड उलटण्यापूर्वी मोठ्याने म्हणायचे, हा नियम मात्र कडक पाळतो, कारण नुसते पुन्हा वाचल्याने येते आहे असे वाटते, येत नसते. नवे पाठ करण्याची हौस सर्वांना असते, जुने सांभाळायचा कंटाळा येतो (मलाही येतो). चौथ्या शतकात इजिप्तमध्ये पाखोमियसच्या मठांत निदान स्तोत्रसंहिता आणि नवा करार तोंडपाठ असावा असा नियम होता, आणि ते लोक हातांनी काम करताना वचने म्हणत. आपल्यालाही भाजी निवडताना किंवा सिटी बसमध्ये हे जमण्यासारखे आहे.

उत्तर: इंदूरचीच एक भगिनी
ज्या भाषेत आपण एकट्याने प्रार्थना करता, तीच धरावी. भाषांतरही एकच ठेवावे. पंडिता रमाबाईंचे आणि बायबल सोसायटीचे मिसळले की जीभ अडतेच.

पलासियाकर
सर्वांचे आभार. मराठीच धरतो. फिलिप्पैकरांस पत्र १०४ वचनांचे आहे, म्हणजे आठवड्याला दोन घेतली तर बरोबर ५२ आठवडे होतात. उपासनेनंतर कोणी समोर बसून ऐकून घेणार असेल, तर कृपया येथेच कळवावे.