कवितालेखनाचे खेळ: आमच्या लेखनमंडळासाठी काय सुचवाल?

प्रश्न (फोंडा तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही काही जण लेखनमंडळ चालवतो. शाळकरी मुले, शिक्षिका, बागायतदार, सेवानिवृत्त कर्मचारी अशी सर्व वयांची मंडळी येतात. कथा आणि ललित लेख सगळेच उत्साहाने लिहितात. मात्र कवितेचे नाव काढले की निम्मी मंडळी "ते आमचे काम नव्हे" असे म्हणून वही मिटतात आणि उरलेल्यांच्या कवितेत समुद्र, माड, चांदणे आणि व्याकूळ मन यांच्यापलीकडे फारसे काही येत नाही. यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. 'सुचेल ते लिहा' असे सांगितले की कोणालाही आधी ऐकलेलेच सुचते.

म्हणून खेळाच्या अंगाने जाणारे, साधारण अर्ध्या तासात पुरे होणारे आणि वृत्तांचा अभ्यास नसलेल्यांनाही जमतील असे उपक्रम हवे आहेत. मुलांना त्यात मजा यावी आणि मोठ्यांना ते पोरकट वाटू नयेत. आपण एखादा उपक्रम घेतला असेल, तर तो कसा घेतला हेही कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (डिचोली)

ताई, आपल्या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे. मोकळीक दिली की माणूस मळलेल्या वाटेने जातो. तीच वाट बंद केली की त्याला इकडेतिकडे पाहावेच लागते. यासाठी मी निरोष्ठ रचनेचा खेळ सर्वांत आधी सुचवेन. नियम एकच आहे. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरे, म्हणजे जी उच्चारताना ओठाला ओठ लागतो ती, कवितेत कोठेही येता कामा नयेत. जुन्या पंडितांची बंधने याहून कडक असत, पण मंडळासाठी एवढे पुरे आहे.

हा खेळ आपल्या परंपरेतलाच आहे. जुना संस्कृत गद्यकार दंडी याच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त हा एक कुमार आपली हकिकत सांगतो, तेव्हा प्रेयसीच्या दंतक्षताने त्याचा ओठ दुखावलेला असतो, म्हणून त्याचे सारे कथन ओष्ठ्य वर्णांवाचून चालते. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रचलेल्या अनेक रामायणांत एक निरोष्ठ रामायणही आहे. मोठ्या मंडळींना हे आधी सांगावे, म्हणजे खेळ पोरकट असल्याची शंका उरत नाही.

आता नियम लावल्यावर काय होते ते पाहा. समुद्र गेला, माड गेला, मन गेले. प्रेम गेले, आभाळ आणि पाऊस गेला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'मी' आणि 'माझे' हेही गेले. ज्या शब्दांनी आपली मंडळी अडकून पडली आहेत, त्यांतले बहुतेक शब्द कोणाला काही न बोलता आपोआप बाद होतात. दर्या उरतो, आकाश उरते, आई, आजी, घर, नदी, होडी, रात्र, काजू, नारळ हे सगळे उरते. चांदणेही उरते, पण शेजारी मन नसल्यामुळे त्याला काहीतरी वेगळे काम द्यावे लागते. नमुन्यादाखल दोन ओळी देतो:

होडी निजली नदीच्या काठी,
तारे जागती तिच्यासाठी.

वाचनाच्या वेळी दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने त्याच्या ओठांकडे पाहावे. ओठ मिटले की वाचन तेथेच थांबवावे आणि अडलेल्या शब्दाला पर्याय सर्वांनी मिळून शोधावा. मुले हे काम डोळ्यांत तेल घालून करतात. 'पण' आणि 'मध्ये' यांसारखे साधे शब्दही अडू लागतात, तेव्हा वाक्य मुळापासून फिरवावे लागते. माझ्या मते कवितेचे खरे शिक्षण याच घडीला होते.

उत्तर (म्हापसा)

वरील सूचना उत्तम आहे. त्याला जोडून समस्यापूर्ती घ्यावी. शेवटची ओळ द्यायची आणि तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या तीन ओळी लिहून घ्यायच्या. 'ठं ठं ठठं ठं ठठठं ठठं ठः' या निरर्थक वाटणाऱ्या चरणाची पूर्ती प्रसिद्धच आहे: रामाच्या अभिषेकासाठी पाणी आणणाऱ्या युवतीच्या हातून सोन्याचा घट निसटला आणि पायऱ्यांवरून गडगडत जाताना त्याचा असा आवाज झाला. मुलांना हे उदाहरण फार आवडते. आपल्याकडे 'आणि फेरीबोट रिकामीच परतली' अशी ओळ देऊन पाहावी. कोणी पूल झाल्याचे लिहील, कोणी न आलेल्या पाहुण्याचे लिहील. दिलेली ओळ मात्र घडलेली घटना असावी. भावना दिली तर सगळेजण पुन्हा तीच भावना लिहितात.

दुसरा खेळ अक्षरे मोजण्याचा आहे. मोठ्या अभंगाच्या चौकात, म्हणजे चार चरणांच्या कडव्यात, सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. जोडाक्षर एकच धरायचे, लघु-गुरूचा विचार करायचा नाही, त्यामुळे बोटांवर मोजून कोणालाही जमते. फक्त यमक सर्वांना एकच द्यावे, उदाहरणार्थ '-आरी' (पोदेर म्हणजे आपला पाववाला):

पोदेराचा भोंगा / पहाटेच्या दारी / धुक्याच्या किनारी / जागे गाव

बेडकांची शाळा / भरल्या दुपारी / पाऊस शेजारी / टाळी देतो

आता प्रत्येक चरण वेगळ्या पट्टीवर लिहून पट्ट्या अदलाबदल कराव्यात. 'पोदेराचा भोंगा, भरल्या दुपारी, धुक्याच्या किनारी, टाळी देतो' हेही छंदात चपखल बसते आणि कोणा एकाला ते कधीच सुचले नसते. दहा जणांचे दहा चौक असतील, तर त्यांतून दहा हजार चौक तयार होतात. फ्रेंच लेखक रेमों कनो याने १९६१ साली चौदा ओळींची दहा सुनीते याच रीतीने पट्ट्यांवर छापली आणि त्यांतून शंभर लाख कोटी सुनीते निघतात. गणिताची आवड असलेली मुले या हिशेबासाठी तरी कवितेजवळ येतील.

उत्तर (काणकोण)

शब्दांच्या कसरतीबरोबर वस्तूंकडे पाहण्याचाही एक खेळ असावा. चतुर्थीच्या सुमारास मी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीची, कविता सुचवते. प्रत्येकाने माटोळीला बांधल्या जाणाऱ्या एका वस्तूचे नाव घ्यायचे: नारळ, सुपारीचा घोस, चिबूड, आंबाडे, कवंडळ, कांगले. मग त्या वस्तूवर एकच ओळ लिहायची. विशेषण वापरायचे नाही, उपमा द्यायची नाही. वस्तू कोणी आणली आणि कशी आणली एवढेच सांगायचे.

कांगले: मामाने रानातून आणले, पायाला जळू घेऊन.
सुपारीचा घोस: शेजाऱ्यांच्या कुळागरातून मागून घेतला.
नारळ: मधोमध, कारण आजोबा तसेच बांधत.

सर्वांच्या ओळी एका कागदावर एकाखाली एक लिहून एकाच आवाजात वाचाव्यात. 'सुंदर' आणि 'हिरवेगार' हे शब्द काढून घेतल्यावर त्या जागी माणसे येतात, हे नवख्या लेखकालाही लगेच दिसते. जे बागायतदार कविता आपले काम नव्हे म्हणतात, त्यांच्याकडे या खेळासाठी सर्वांत अधिक सामग्री असते, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी.

उत्तर (मडगाव)

घडी घातलेल्या कागदाचा खेळ अनेक जण सुचवतील. विसाव्या शतकात पॅरिसमधील अतिवास्तववादी तो खेळत. एकाने विशेषण लिहून कागद दुमडायचा, पुढच्याने नाम, त्याच्या पुढच्याने कर्म आणि शेवटच्याने क्रियापद. मराठीत तो घेताना लिंग आणि वचन आधीच ठरवून द्यावे, अन्यथा वाक्य जुळत नाही. स्त्रीलिंगी एकवचन ठरवले, तर 'चिडकी फेरीबोट जुन्या छत्रीला गोंजारते' असे काही निघते. यात हशा भरपूर होतो, पण तेथेच थांबू नये. आलेले वाक्य खरे मानून फेरीबोट का चिडली आणि छत्री कोणाची, हे पुढच्या दहा मिनिटांत लिहून घ्यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. येत्या बैठकीत निरोष्ठ रचना घेते आणि माटोळीची कविता चतुर्थीच्या आधीच्या बैठकीसाठी राखून ठेवते. एक शंका उरते. आमच्याकडे घरी कोंकणी बोलतात, त्यामुळे घाईच्या खेळात कोंकणी शब्द सहज येतात आणि काही पालकांना ते खटकतात. ते दुरुस्त करावेत का?

उत्तर (डिचोली)

खेळ चालू असताना अजिबात दुरुस्त करू नयेत. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली, हे पालकांना जरूर सांगावे. एखादा शब्द अक्षरसंख्येत आणि यमकात बसत असेल, तर तो खेळाच्या नियमाने ग्राह्य धरावा. पुनर्लेखनाच्या वेळी लिहिणाऱ्यालाच दोन्ही शब्द मोठ्याने वाचायला लावावेत आणि कोणता ठेवायचा ते त्यालाच ठरवू द्यावे. निरोष्ठ खेळात तर कोंकणी शब्दांची मदतच होईल. 'पाणी' अडले की मुले 'उदक' आणतील, आणि तो शब्द मराठीतही आहेच.