मदत हवी आहे : इटालियन लेखक प्रीमो लेवी यांच्या कवितेच्या शेवटाचा अर्थ
आउशवित्झ या पोलंडमधल्या नाझी छळछावणीची मुक्तता २७ जानेवारी १९४५ रोजी झाली. तिथून जिवंत सुटून इटलीतल्या तुरिनला घरी परतलेल्या लेवींच्या एका छोट्या कवितेखाली ११ जानेवारी १९४६ ही तारीख आहे. पहिल्या कडव्यात छावणीतले कैदी परतण्याची, जेवण्याची, सारे सांगण्याची स्वप्ने पाहतात आणि पहाटे ‘उठा’ असा पोलिश हुकूम येताच त्यांचे काळीज फाटते. दुसऱ्यात घर सापडले आहे, पोट भरले आहे, सांगूनही झाले आहे, तरी तोच हुकूम लवकरच पुन्हा ऐकू येणार आहे. मात्र इथे काळीज फाटल्याचा उल्लेख नाही. याला निव्वळ भीती म्हणणे मला अपुरे वाटते. सुटका हेच स्वप्न ठरते, की मेलेल्या सोबत्यांकडून बोलावणे येते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.