भिशीला 'वेगळा' सिनेमा लावायचाय. 'कोर्ट'ला तिघी झोपल्या, आता काय लावू?

टंकनवाली (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

आमची सातजणींची भिशी आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो, चिठ्ठी काढतो, भडंग-चहा होतो आणि गेल्या दिवाळीपासून एक सिनेमाही बघतो. जिच्या घरी भिशी, सिनेमा तिनं निवडायचा. आतापर्यंत सगळ्यांनी रडायचे नाहीतर हसायचे लावले. माझा नंबर आला तेव्हा मी 'कोर्ट' लावला. चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४ चा. व्हेनिसला बक्षीस, आपल्याकडं सुवर्णकमळ, ऑस्करला भारताकडून गेलेला. हे सगळं मी आधी सांगितलं, तिथंच चुकलं बहुतेक. तिघी झोपल्या. चौथी म्हणाली, "आता काय तरी हुईल, मग काय तरी हुईल म्हणून बसलो, आन् शेवटाला त्या जज्जालाच झोप लागली ओ!"

आता माझं सांगते. मी कोर्टाच्या आवाराबाहेर बसून टायपिंग करते. १९ वर्षं झाली. आधी खटखट मशीन होतं, आता कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. प्रतिज्ञापत्रं, मुदतीचे अर्ज, पोटगीचे अर्ज. त्यामुळं बाकीच्या जिथं झोपल्या, तिथं मी खुर्चीच्या टोकाला येऊन बसले होते.

त्यात एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला आहे, त्याच्या गाण्यामुळं एका गटार कामगारानं जीव दिला म्हणून. त्या गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. आत उतरण्याआधी तो झुरळं बाहेर येतात का बघायचा. आली, तर आत हवा आहे. वास सोसावा म्हणून प्यायचा. ती हे सांगते ते भाजीचा भाव सांगावा तसं, आवाज न चढवता. आणि न्यायाधीश ते ऐकून आपल्या शब्दांत लिहून घ्यायला सांगतात. बाई बोलते एक, कागदावर उतरतं दुसरंच. अहो, हेच तर मी रोज करते! समोर बाई पदर तोंडाला लावून सांगते, "नवऱ्यानं दोन वर्षं बघितलंबी न्हाई ओ माझ्याकडं," आणि मी टाइप करते, "सामनेवाले यांनी अर्जदार हिची जाणूनबुजून हेळसांड केली आहे." ती बाई मग सही करते. तिला वाचून दाखवलं तर म्हणते, हे मीच बोलले होय?

शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा. आमचे मिस्टर उठले, चपला पायात सरकवल्या. सिनेमा अजून शिल्लक! ज्याची अख्खी केस बघितली तो शाहीर बाजूला राहतो, आणि आपण न्यायाधीशांच्या सहलीला जातो. तिथं ते कुणाच्या तरी मुलाच्या दुखण्यावर अंकशास्त्र आणि खड्याची अंगठी सुचवतात. चपला घातलेला माणूस दारात उभा राहून उरलेला सिनेमा बघत होता. "संपला की नाही एकदाचा?" एवढंच दोनदा विचारलं.

पण याच माणसानं मार्च २०२५ मध्ये 'स्थळ' बघायला माझ्याबरोबर थेटरात येऊन काय केलं बघा. सकाळचा एकच शो. आम्ही धरून पाच डोकी. आठ तिकिटं गेली तरच लावतो म्हणाले. मिस्टरांनी काही न बोलता तीन तिकिटं जास्तीची काढली. विदर्भातल्या गावातली मुलगी, बाप कापसाच्या भावाच्या काळजीत, आणि तिला 'बघायला' माणसं येतात. पुन्हा येतात. पुन्हा तेच: नाव काय, शिक्षण काय, उंची किती. मला माझं तासगावचं माहेर, पोह्याच्या बशा आणि आत्याची चिमटी आठवत होती. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. बाहेर आल्यावर गाडीला किक मारायच्या आधी म्हणाले, "सौद्याला व्यापारी हळकुंड मोडून बघत्यात, तसं बघाय लागलेत पोरीला." घरापर्यंत पुढं एक शब्द नाही.

तर 'कोर्ट'ला चपला घालणाऱ्याला 'स्थळ' का चालला? आणि पुढच्या भिशीला काय लावू? जिचा नंबर होता तिच्या सुनेचं बाळंतपण आहे, म्हणून परत माझ्याकडंच आलीय. यावेळी कुणी झोपलं तर माझा सिनेमा निवडायचा हक्क काढून घेणार आहेत.

•

जवारीवाला (मिरज)

ताई, त्या न्यायाधीशांच्या झोपेवर हसलो, पण मला तुमची अडचण कळली. आमच्या घरात चार पिढ्या तंबोरे बनतात. ताम्हाणेंचाच 'द डिसायपल' मी तीन वेळा बघितला आणि घरातल्या कुणीही एकदासुद्धा पुरा बघितलेला नाही.

गोष्ट सांगायची तर दोन ओळींत संपते. शरद नेरुळकर नावाचा मुलगा वर्षानुवर्षं रियाझ करतो आणि मोठा गायक होत नाही. झालं. वाईट माणूस नाही, अपघात नाही, शेवटच्या मैफलीत टाळ्या नाहीत. रात्री मोकळ्या रस्त्यावरून मोटरसायकलवर जाताना तो कानात एका मृत गायिकेची व्याख्यानं ऐकत असतो. (तो आवाज सुमित्रा भावेंचा आहे.) शरद झालेला आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड दोघंही खरे गायक आहेत, म्हणून त्यात गळ्याला सोडून हात हलत नाहीत. बाकी सिनेमांत तंबोरा उलटा धरलेला बघून आमचं डोकं उठतं.

आता मी का बघतो ते सांगतो. आमच्याकडं तंबोरा दुरुस्तीला येतो तो बहुतेक जवारीसाठी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज परत उघडायला. तारा घासून घासून घोडीवर खाचा पडतात, आवाज बसतो. मग कानसीनं घासायचं, तार लावायची, खाली सुताचा जीव सरकवून ऐकायचं, परत घासायचं. दिवस जातो. एक गृहस्थ दर दोन वर्षांनी एकच तंबोरा घेऊन येतात. माझ्या वडिलांच्या वेळेपासून. त्यांचं नाव मी कुठल्याच कार्यक्रमाच्या पत्रिकेवर वाचलेलं नाही. पण घोडीवरच्या खाचा खोट्या बोलत नाहीत, माणूस रोज बसतोय. शरदला बघताना मला ते गृहस्थ दिसतात. मी त्यांना सिनेमाचं सांगितलेलं नाही. धीर झाला नाही.

भिशीला मात्र लावू नका. सातीच्या साती झोपतील.

•

कृष्णाकाठ (कराड)

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नये. माझं वय ७१, कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी झाली.

कॅमेरा एका जागी ठेवून माणसं ताटकळत ठेवायची याला कला म्हणतात, हे मला पटत नाही. ताटकळायला आम्ही उसाच्या वजनकाट्यावर शिकलोय, त्याला तिकीट कशाला काढायचं? आमच्या वेळचेही सिनेमे वेगळेच होते, पण माणूस धरून ठेवायचे. 'सामना' घ्या. साल १९७४, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लेखन तेंडुलकरांचं. साखर कारखान्याचा सम्राट निळू फुले आणि दारूत बुडालेला मास्तर डॉ. लागू. (लागूंचा जन्म आमच्या साताऱ्याचा, हे जाता जाता.) गाणी आहेत, लावणी आहे, आणि मधोमध मास्तर एकच प्रश्न धरून बसलाय की एका माणसाचं पुढं काय झालं. बर्लिनच्या महोत्सवातही गेला होता. म्हणजे परदेशी लोकांनाही कळला, आणि गड्यालाही कळला.

आमच्या कारखान्याच्या गणपतीत एका वर्षी पडदा बांधून 'सामना' लावला. कुणी ठरवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या रांगेत संचालक मंडळ, गाद्या टाकून. मध्यंतरात रीळ बदलेपर्यंत पहिली रांग रिकामी. गाद्या तेवढ्या राहिल्या, त्यावर मग तोडणीवाल्यांची पोरं येऊन झोपली. पुढच्या वर्षापासून गणपतीत फक्त भजनं.

तुमच्या भिशीत दुभतं असलेली कुणी असेल तर 'मंथन' लावा. १९७६, श्याम बेनेगल. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून काढलेला. १० लाखांत सिनेमा! पटकथेला तेंडुलकरच. स्मिता पाटील, गिरीश कर्नाड, नसीरुद्दीन शाह. २०२४ ला नव्यानं साफ केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली.

•

टंकनवाली (सांगली)

काका, राग कसला. वजनकाट्याचं मिस्टरांना वाचून दाखवलं, तुमच्या बाजूनं एक मत वाढलं.

पण मला एक सुचतंय. जवारीवाले दादांना शरद कळला, मला टायपिस्ट कळली, मिस्टरांना हळकुंड. ज्याच्या हातात ते काम आहे त्याला कंटाळा येत नाही, असं असेल का? तसं असेल तर सिनेमा नको, आधी बघणाऱ्याचा धंदा विचारायला पाहिजे.

•

विश्रामबागकर

काकू, 'तुंबाड' मला तोंडपाठ आहे. १३ सप्टेंबर २०२४ ला परत लागला तेव्हा अख्खं हॉस्टेल घेऊन गेलो होतो. २०१८ ला पहिल्यांदा आला तेव्हाच्यापेक्षा यावेळी जास्त कमावलं त्यानं. तुमच्या हिशेबानं मी पुरलेलं सोनं उकरणारा सावकार असणार. मेसची दोन महिन्यांची बाकी आहे माझ्याकडं.

भिशीला लावू नका पण. आज्जी घाबरतील.

•

टंकनवाली (सांगली)

आज्जी कुणाला म्हणतोस रे. ४७ आहे मी.

•

सूनबाई (सातारा)

वरचं सगळं वाचलं. टंकनवाली ताईंचं धंद्याचं म्हणणं अर्धं खरं आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' मी २०१७ मध्ये बघितला. संस्कृतचे मोठे पंडित, डॉ. मोहन आगाशे, स्मृती जात चाललेली. मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा खाली उतरते, आणि ते हत्तीच्या मागं निघून जातात. हत्तीवाल्याची बायको, अमृता सुभाष, त्यांना आपलं मूल असल्यासारखं सांभाळते. तेव्हा मी म्हणाले होते, छान आहे, पण हळू आहे.

२०२१ पासून सासूबाईंना विसर पडायला लागला. आता त्या मला 'बाई, तुम्ही कुणाच्या?' म्हणून विचारतात. दुपारी गोधडीचं टोक धरून ते दुमडत बसतात, उलगडतात, परत दुमडतात. मी समोर निवडायला तांदूळ घेऊन बसते. तासभर हेच. मध्ये एकदा टीव्हीवर 'अस्तु' लागला होता. या वेळी मला तो हळू वाटला नाही, उलट फार भराभर चाललाय असं वाटलं. अर्ध्यात बंद केला.

भिशीत कुणाच्या घरी असं माणूस असेल तर आधी विचारून लावा.

•

जवारीवाला (मिरज)

सूनबाई, तुमच्यानंतर काही लिहायचं नव्हतं. फक्त एक. सासूबाईंना जुनं गाणं लावून बघा, माझ्या आजीला शेवटपर्यंत चाली ओळखू यायच्या. नाव विसरली होती स्वतःचं.

•

टंकनवाली (सांगली)

मंडळी, काल भिशी झाली. सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लिहितेय.

'अस्तु' मनात होता, पण सूनबाईंनी सांगितलं तसं आधी विचारलं. दोघींच्या घरी तसं माणूस आहे. मग कराडच्या काकांचा 'मंथन' लावला. यावेळी बक्षिसं, कान, कायबी सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, दुधाचा आहे.

सुरुवातीला जरा चुळबूळ झाली. हिंदी कळतंय पण बोली वेगळी, एकीनं विचारलं, "स्मिता पाटील एवढी काळी केलीय का उन्हानं?" मग ते दूध तपासून त्याप्रमाणं भाव द्यायचं आलं, आणि मागच्या वेळी पहिली झोपलेली, हरिपूर रोडची आमची मैत्रीण, जिच्या दारात तीन म्हशी आहेत, ती सरळ उठून टीव्हीपुढं जाऊन बसली. म्हणाली, "थांबवा. जरा मागं घ्या." मागं घेतलं. परत बघितलं. मग ती बोलायला लागली. पावसाळ्यात वैरण ओली असली की फॅट उतरतं, ते तिला मान्य. पण तिच्या डेअरीत सकाळच्या दुधाला एक डिग्री (दुधाच्या दाटपणाचं माप) आणि संध्याकाळच्याला दुसरीच लावतात, आणि यंत्राच्या आकड्यावर हातानं दुसरा आकडा लिहितात. म्हैस तीच, पेंड तीच. तिनं तीन महिन्यांच्या पावत्या जपून ठेवल्यात, साडीच्या घडीत.

मग काय. चहा दोनदा झाला. पावत्या आणायला तिचा मुलगा गाडीवर गेला. सरपंच निवडणूक हरतो तिथपर्यंत पोहोचायला साडेसात वाजले, कारण दर पाच मिनिटांनी कुणीतरी थांबवायचं. झोपलं कुणी नाही. सातजणी पावत्या जमिनीवर मांडून बसल्या होत्या आणि मिस्टर दिवाणजीचा चष्मा लावून बेरजा मारत होते.

मला सांगितलंय, तिच्या वतीनं एक अर्ज टाइप करून दे. मी म्हटलं, तू बोलशील तसाच लिहीन, माझे शब्द घालणार नाही. "म्हैस तीच, पेंड तीच" हे पहिल्याच ओळीत आहे.

भिशीची चिठ्ठी काढायचीच राहून गेली. ती आता रविवारी.