मदत हवी आहे: ग्रहाच्या फोटोवरनं त्याचं वस्तुमान कसं काढतात?

नमस्कार मंडळी, सोलापुरातनं लिहितोय. पोरगी नववीत आहे, तिला विज्ञान प्रदर्शनात दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे थेट फोटो कसे काढतात ते दाखवायचंय. काल रात्री गच्चीवर मोठी टॉर्च लावली, शेजारी उदबत्ती पेटवून ठेवली तर काहीच दिसेना, आणि टॉर्चसमोर बाटलीचं झाकण धरलं की उदबत्तीचं लाल टोक लगेच दिसलं, पोरगी जाम खूश! दुर्बिणीतला कोरोनाग्राफ असाच ताऱ्याचा उजेड अडवतो, एवढं जमलं.

एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह २००८ मध्ये असे दिसले, चौथा २०१० मध्ये. वय जेमतेम ३-४ कोटी वर्षं, म्हणून अजून तापलेलेत, भाकरी उतरवल्यावर तवा राहतो तसे, नि ती ऊब इन्फ्रारेडमध्ये दिसते.

अडलंय ते इथं. ग्रहाची चमक आणि ताऱ्याचं वय यावरनं ग्रहाचं वस्तुमान काढतात, कारण ग्रह हळूहळू निवत जातो आणि जड असेल तर जास्त काळ तापलेला राहतो. मग वयच चुकलं तर? तारा म्हातारा निघाला तर तोच ठिपका जास्त जड धरावा लागणार, ग्रह न राहता तपकिरी बटू (ग्रहापेक्षा जड, पण ताऱ्याइतका नाही असा गोळा) होणार ना? मग ताऱ्याचं वय नेमकं कशावरनं ठरवतात? नववीच्या पोरांना कळेल असं सांगा की कुणीतरी, शनिवारी प्रदर्शन आहे.