कॅनडाचं नागरिकत्व: प्रवासाच्या यादीत लेओव्हर लिहायचा की नाही?

भूर्जपान
नागरिकत्वाच्या अर्जात प्रवासाची यादी भरताना बरेच जण प्रत्येक विमानतळाची वेगळी ओळ करतात. टोरोंटो ते फ्रँकफर्ट एक, फ्रँकफर्ट ते मुंबई दुसरी. माझ्या मते हे सरळसरळ चूक आहे. अर्जाआधीच्या ५ वर्षांत किमान १०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात असणं ही अट. लेओव्हर म्हणजे विमान बदलायला मधे थांबणं; फ्रँकफर्टला असे चार तास थांबलात की वीस, त्याने या आकड्यात काही फरक पडत नाही.

उलट तुकडे केले की हिशोब बिघडतो. निघाल्याचा आणि परतल्याचा, हे दोन्ही दिवस कॅनडातले धरले जातात. १० डिसेंबरला निघून ५ जानेवारीला परतलात तर गैरहजेरी ११ डिसेंबर ते ४ जानेवारी, म्हणजे २५ दिवस. तेच १०–११ डिसेंबर आणि ११ डिसेंबर–५ जानेवारी अशा दोन ओळींत लिहिलं, तर पहिल्या ओळीचे ० आणि दुसरीचे २४ होतात. ११ तारखेला तुम्ही जर्मनीत होतात, पण दिवस मोजणारा अर्जाचा ऑनलाइन कॅल्क्युलेटर तो दिवस कॅनडातला धरून बसतो. म्हणून एक प्रवास, एक ओळ, ठिकाण भारत. लेओव्हर लिहूच नये.

सप्तधारा
एका ओळीचं पटलं. ‘लेओव्हर लिहूच नये’ हे अजिबात पटलं नाही.

फ्रँकफर्टच्या ट्रान्झिटमध्ये बसून राहणं आणि अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला विमान बदलणं यांत मोठा फरक आहे. अमेरिकेत इमिग्रेशन टाळून नुसतं विमान बदलायची सोय नाही. तिथे रीतसर प्रवेश होतो आणि तशी नोंदही होते. टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळाहून जाताना तर अमेरिकेचं इमिग्रेशन टोरोंटोतच उरकतं. शिवाय विमानाने बाहेर जाणाऱ्यांची माहितीही जून २०२० पासून कॅनडाची सीमा सेवा गोळा करते. त्या नोंदीत तुम्ही बसलेलं विमान नेवार्कचं, आणि तुमच्या यादीत अमेरिकेचं नाव नाही! ठिकाणाच्या रकान्यात ‘मुंबई, भारत, नेवार्क, अमेरिका मार्गे’ एवढं लिहायला काय जातं? ओळ एकच राहते, दिवसही तेवढेच.

विमानतळाबाहेर पडून एखाद्या देशात रात्र काढली असेल, तर तो देश लिहायलाच हवा. पासपोर्टवर त्याचा शिक्का असू शकतो.

भूर्जपान
अमेरिकेपुरतं मान्य, रात्रीच्या मुक्कामाचंही मान्य. दोहा किंवा फ्रँकफर्टच्या ट्रान्झिटबद्दल मात्र माझं मत तेच. जिथे प्रवेशच केला नाही, तो देश यादीत घालून वाचणाऱ्याला गोंधळात टाकू नये.

नदीकाठ
लेओव्हरवर एवढा वाद, पण अर्ज अडकायचा तो तारखांमुळे. कॅनडात विमानतळावरच्या किऑस्कवरून (तपासणीच्या यंत्रावरून) येताना बहुतेकदा शिक्काच मिळत नाही. मग लोक भारताचे शिक्के बघून यादी बनवतात. वरच्याच उदाहरणात विमान टोरोंटोहून १० डिसेंबरला संध्याकाळी सुटलं, तर मुंबईचा आगमनाचा शिक्का १२ तारखेच्या पहाटेचा. निर्गमनाचा शिक्का ५ जानेवारीच्या पहाटेचा, आणि टोरोंटोला उतरणं त्याच दिवशी दुपारी. शिक्क्यांवरून १२ डिसेंबर ते ५ जानेवारी लिहिलं की गैरहजेरी २३ दिवस येते. खरी २५. असे पाच प्रवास झाले की १० दिवस फुकटचे पदरात पडतात, आणि बरोबर १०९५ वर अर्ज केलेला माणूस १०८५ वर येतो.

तारखा काढायच्या त्या ई-तिकिटावरून आणि बोर्डिंग पासवरून. ते नसतील तर सीमा सेवेकडून स्वतःचा प्रवेशांचा इतिहास मागवता येतो. विमान मध्यरात्रीच्या आसपासचं असेल तर ते प्रत्यक्षात कधी सुटलं ते बघा. ११:५० चं विमान उशिराने १२:४० ला सुटलं, तर निघाल्याची तारीख दुसरी होते.

पाऊलवाट
आणखी एक मुद्दा. सकाळी सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या बफेलोला जाऊन संध्याकाळी परतलं तर गैरहजेरी शून्य. मग अशा फेऱ्या लिहायच्या कशाला? पाच वर्षांत साठ-सत्तर होतात सीमेजवळ राहणाऱ्यांच्या. शून्याची बेरीज शून्यच.

सप्तधारा
लिहायच्याच. शून्य हे उत्तर कॅल्क्युलेटरला काढू द्या. अर्जात सही करून तुम्ही सांगता की माहिती पूर्ण आहे. सीमा सेवेकडे जमिनीवरच्या सीमेचीही ये-जा असते. तिथे साठ नोंदी आणि यादीत पाच, हे चित्र बरं नाही. विसरणं आणि लपवणं यांतला फरक तुम्हाला पटवून द्यावा लागेल, आणि महत्त्वाची माहिती दडवली असं ठरलं तर ५ वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. पूर्वी वर्क परमिटसाठी फ्लॅगपोलिंग (सीमा ओलांडून लगेच परत येणं) केलेलं असतं, तेही असंच राहून जातं.

पाऊलवाट
ठीक, लिहू. पण मग ‘१०९५ पेक्षा पंधरावीस दिवस जास्त ठेवा’ असा सल्ला लोक देतात, तो कशासाठी? कायदा १०९५ म्हणतो. तारखा चोख असतील तर उगाच तीन आठवडे का थांबायचं?

नदीकाठ
कारण १०९४ ला माफी नाही. कायम रहिवासी होण्याआधी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेले दिवस अर्धे धरले जातात, ७३० दिवसांचे जास्तीत जास्त ३६५. त्या काळातल्या प्रवासांचे कागद बहुधा सर्वांत जुने, आणि चूक तिथेच होते. सगळे बोर्डिंग पास हाताशी असतील तर तुम्ही १०९६ लाही खुशाल भरा. आठवणीवर भरणाऱ्याने थांबावं.

भूर्जपान
जाता जाता, एक लेओव्हर मात्र नीट बघायलाच हवा: कॅनडातला. व्हँकुव्हरहून ९ तारखेला रात्री अकराला निघून १० ला सकाळी टोरोंटोला उतरलात आणि मुंबईचं विमान १० च्या संध्याकाळी असेल, तर देश सोडल्याची तारीख १०. तिकिटावर पहिली तारीख ९ दिसते म्हणून तीच उतरवली, तर एक दिवस हातचा जातो. परतीलाही तसंच. कॅनडात पहिल्यांदा जिथे उतरलात, ती तारीख.