कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरची कबर: लढाई संपल्यावर मेलेला शहीद धरतात काय?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. परवा कॅम्पातल्या जुन्या सिमेट्रीत गेलतो, मित्राच्या आजीची कबर बघायला. तिथं कोपऱ्यात एका गोऱ्या शिपायाचा दगड दिसला, रेजिमेंटचं नाव अर्धं झिजलंय पण प्रायव्हेट (म्हणजे साधा शिपाई), वय २२, तापानं वारला, १९२० एवढं नीट लागतंय, आणि खाली कंपनीतल्या सोबत्यांनी दगड उभारला असं. शेजारीच दुसरा, १९२२ चा. आता पहिल्या महायुद्धाची लढाई तर १९१८ लाच संपली की, मग हे कशात धरायचे? आणि विचारायचं खरं कारण म्हणजे आमच्या आजीचे चुलते, खानापूर तालुक्यातले, ११० मराठा पलटणीत होते, ते पण १९१९ ला इराकात बसऱ्यात आजारानं गेले. गावच्या चावडीवरच्या फरशीत नुस्तं इतकी माणसं लढाईला गेली आणि इतकी मेली एवढंच आहे, नाव कुणाचंच नाही.

जुनी_पलटण:
टिळकवाडीकर, १९१८ ला युद्धबंदी झाली पण ब्रिटिश सरकारनं लढाई अधिकृत संपली म्हणून तारीख धरली ती ३१ ऑगस्ट १९२१. लढाईत मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ४ ऑगस्ट १९१४ ते त्या तारखेपर्यंत नोकरीत असताना जो मेला तो धरतं, मग गोळीनं मरो, तापानं मरो नाहीतर घोड्यावरून पडून. म्हणजे तुमचा १९२० वाला हिशोबात येतो आणि शेजारचा १९२२ वाला नाही, दोघं एकाच बराकीत राहिलेले असले तरी. इकडच्या कॅन्टोन्मेंटच्या ज्या कबरी सांभाळता येत नाहीत अशा लोकांची नावं खडकीच्या वॉर सिमेट्रीतल्या १९१४-१९१८ मेमोरियलवर आहेत, १८०० च्या वर, तिथं सापडेल बहुतेक. दुसऱ्या महायुद्धाला ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत धरतात.
आणि चावडीवरची फरशी परत बघा, अशा फरश्यांवर बहुतेक १९१४-१९१९ असतं.

निपाणीचा_पाव्हणा:
यात एक मेख आहे. नोकरीत मेला तर कारण विचारत नाहीत पण डिस्चार्ज होऊन घरी आला आणि मग मेला तर लढाईतल्या जखमेनं किंवा आजारानंच मेला हे कागदावर दाखवावं लागतं. आपल्याकडं मेसोपोटेमियातनं (म्हणजे आताच्या इराकातनं) मलेरिया, हगवण घेऊन आलेले कितीतरी, घरी आल्यावर खाटेवरच गेले, पाटलानं मृत्यूच्या बुकात ताप लिवला आणि संपलं. विलायतेत अशा राहिलेल्यांची नावं शोधून कमिशनला पुरावे देणारी स्वयंसेवक मंडळी आहेत, आपल्याकडं हे कोण करणार सांगा.

कडोली_एक्सप्रेस:
मर्दा हे काय लावलंय, गोऱ्यांच्या कबरी कशाला उकरताय. राज्य केलं आपल्यावर, त्यांचं ते बघतील की.

जुनी_पलटण:
कडोली, राग समजतो पण जरा ऐक. १९१४ ला बेळगावात जी ब्रिगेड होती तिच्यात २ नॉरफोक ही गोरी पलटण आणि ११० मराठा दोन्ही होत्या, एकाच ब्रिगेडमधनं बसऱ्याला उतरल्या आणि दोन्ही इराकातल्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं, पुढं कैदेत किती मेले ते वेगळंच. आता बसरा मेमोरियल बघ, ४०,००० च्या वर लोकांची आठवण आहे तिथं, नॉरफोकच्या प्रायव्हेटचं नाव दगडात कोरलेलं आणि आपल्या शिपायांचा पलटणीखाली नुस्ता आकडा. कमिशननं स्वतःच २०२१ च्या अहवालात कबूल केलंय आणि माफी मागितलीय. तेव्हा राग धरायचा तर ह्याच्यावर धर, त्या २२ वर्षांच्या पोरावर कशाला?
आणि युद्धबंदीनंतर सगळे तापानंच मेले असं पण नाही. जुलै १९२० ला इराकात बंड झालं तेव्हा हिल्ल्याजवळ मँचेस्टर रेजिमेंटच्या तुकडीतले कितीतरी मारले गेले, ते सगळे लढाईनंतरचेच की.

कडोली_एक्सप्रेस:
आकडा?? हे माहीत नव्हतं. बरं मग टिळकवाडीकरांच्या आजीच्या चुलत्यांचं नाव कुठंच नाही म्हणायचं काय.

शहापूरची_सून:
कुठंच नाही असं नाही हो, नावं रजिस्टरात आहेत आणि कमिशनच्या वेबसाईटवर शोधता येतात. पण नुसतं नाव टाकून शोधू नका भाऊ, इंग्रजी स्पेलिंगचा नेम नाही, सखाराम चार तऱ्हेनं लिहिलेला असतो आणि आडनाव तर बऱ्याचदा नसतंच. पलटण टाका, साल १९१९ टाका, मग यादी येईल त्यात वडिलांचं नाव आणि गाव बघा, तालुका पण बहुतेक देतात. आमच्या सासऱ्यांच्या घरच्यांचं नाव असंच मिळालं, गाव बरोबर होतं, नाव वाचून हसू आलं इतकं मोडलेलं.

टिळकवाडीकर:
सगळ्यांना थँक्यू. आजीला वडील-आजोबांची नावं विचारून ठेवतो, गावाचं जुनं नाव पण वेगळं होतं म्हणे. आणि १९२२ वाल्याचं काय मग, त्याला कुणीच नाही?

जुनी_पलटण:
कमिशनच्या यादीत नाही. रेजिमेंटनं कुठं आपल्या चर्चमध्ये पाटी लावली असेल तर तेवढंच, नाहीतर हाच दगड. फोटो काढून टाका इथं, कडेनं तिरका उजेड पाडला की झिजलेली अक्षरं लागतात, दुपारी काढू नका.