‘सरसकट’, ‘तत्त्वतः’ आणि ‘निकष’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : जून 2017 मधील शेतकरी संपाच्या बातम्यांत ‘सरसकट कर्जमाफीला निकषांसह तत्त्वतः मान्यता’ अशी शब्दयोजना वारंवार आढळते. सरसकट म्हणजे कोणालाही न वगळता, असा अर्थ घेतला तर सरसकट गोष्टीला निकष कसे लागतील? आणि ‘तत्त्वतः’ या शब्दाने मान्यतेच्या अर्थात भर पडते की घट होते?

उत्तर : घट होते, आणि ती घट झाल्यामुळेच त्या वेळची कोंडी फुटली, असे माझे मत आहे. अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबा गावातून निघालेल्या हाकेनुसार 1 जूनपासून शेतकऱ्यांनी शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला रोखला. 3 जूनच्या पहाटे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. परंतु ते अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांना मान्य झाले नाही आणि आंदोलन चालूच राहिले. पुढे वेगवेगळ्या संघटनांची सुकाणू समिती आणि चंद्रकांत पाटील यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिगट यांची बैठक 11 जून रोजी झाली, आणि तिच्यातून आपण उद्धृत केलेली शब्दयोजना बाहेर आली.

तिच्यातला ‘सरसकट’ हा शब्द शेतकऱ्यांचा आहे. साठवणीच्या चाळीतून कांदा काढताना मोठा माल, मध्यम आणि गोलटी (बारीक कांदा) अशी प्रतवारी करतात आणि प्रत्येकाला भाव वेगळा मिळतो. प्रतवारी न करता सगळा माल एकाच भावाने दिला, तर तो ‘सरसकट दिला’ असे म्हणतात. म्हणजे निवड न करणे हाच या शब्दाचा गाभा आहे. शेतकऱ्यांनी याच शब्दाचा आग्रह का धरला, हे कळण्यासाठी 2008 सालच्या केंद्राच्या कर्जमाफीकडे पाहावे लागते. त्या वेळी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी मिळाली, तर त्याहून अधिक जमीन असलेल्यांनी थकबाकीचा 75 टक्के भाग भरल्यास उरलेल्या 25 टक्क्यांची सवलत मिळणार होती. विदर्भ आणि मराठवाड्यातील ज्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर तीन-चार हेक्टर जमीन होती, पण पाण्याचा थेंब नव्हता, तो कागदावर ‘मोठा’ ठरला आणि मागे राहिला. ‘सरसकट’ या मागणीमागे हा अनुभव उभा होता, त्यामुळे तिला केवळ हटवाद म्हणणे अन्यायाचे होईल.

‘निकष’ हा शब्द शासनाचा आहे. मूळ संस्कृतात निकष म्हणजे सोन्याचा कस पाहण्याचा दगड. कसाला लावणे म्हणजे खरे-खोटे वेगळे करणे, अर्थात निवड करणे. म्हणून ‘सरसकट’ आणि ‘निकष’ एकाच वाक्यात नांदू शकत नाहीत, ही आपली शंका रास्त आहे.

त्यांना एकत्र बसवण्याचे काम ‘तत्त्वतः’ने केले. (या शब्दातल्या ‘त्त्व’ या जोडाक्षरात दोन त आहेत, ‘तत्वतः’ हे वर्तमानपत्री रूप अशुद्ध आहे.) गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘यो वेत्ति तत्त्वतः’ असे येते, तेथे त्याचा अर्थ ‘खरोखर, मुळापासून’ असा आहे. कार्यालयीन मराठीत मात्र ‘तत्त्वतः मान्य’ म्हणजे कल्पना मान्य, अंमल मात्र अजून ठरायचा आहे. एकाच वाक्यातून शेतकऱ्यांना ‘सरसकट मान्य’ हे शब्द मिळाले आणि शासनाला ‘निकषांसह’ हा शब्द मिळाला. मतभेद मिटला नव्हता, तो वाक्याच्या आत जाऊन बसला होता. 24 जून रोजी दीड लाख रुपयांच्या मर्यादेसह योजना जाहीर झाली. तिच्यात प्राप्तिकर भरणारे वगळले गेले, आणि दीड लाखाहून अधिक थकबाकी असलेल्यांना वरची रक्कम आधी भरण्याची अट आली. सुकाणू समितीने याला शब्द फिरवणे म्हटले. शासनाच्या दृष्टीने मात्र निकषांचा उल्लेख आरंभापासूनच होता.

पुरवणी प्रश्न : ‘कर्जमाफी’ या शब्दालाच शेतकरी संघटनेचा आक्षेप होता आणि ती ‘कर्जमुक्ती’ म्हणत असे. माफी गुन्हेगाराला मिळते, हा युक्तिवाद भाषेच्या अंगाने टिकतो का?

उत्तर : भाषेच्या अंगाने तो पूर्णपणे टिकत नाही. महसुली मराठीत सारामाफी म्हणजे साऱ्यातून, म्हणजे शेतजमिनीच्या करातून, सूट. फीमाफीतही कोणाचा अपराध गृहीत नसतो. तरीही ‘माफी मागणे’ हा प्रयोग इतका रुळलेला आहे की ‘कर्जमाफी’ ऐकताना देणारा उदार आणि घेणारा ओशाळा, असे चित्र उभे राहते. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांची मांडणी नेमकी याच्या उलट होती. शासनाने निर्यातबंदी, लेव्ही (ठरवून दिलेल्या भावाने सक्तीची खरेदी) आणि आयात यांच्याद्वारे शेतमालाचे भाव पाडले, त्यामुळे हे कर्ज शेतकऱ्याने केलेले नसून त्याच्यावर लादलेले आहे, असे ते सांगत. ही मांडणी स्वीकारली तर ‘मुक्ती’ हाच शब्द योग्य ठरतो. मला ती पटते, म्हणून मी स्वतः ‘कर्जमुक्ती’ लिहितो. परंतु ‘माफी’ लिहिणाऱ्याचे मराठी चुकले, असे म्हणणार नाही. 2019 अखेरीस राज्य शासनाने जाहीर केलेल्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ हा शब्द आला. त्या योजनेलाही दोन लाखांची मर्यादा होती, हे मात्र नोंदवायला हवे.

‘तत्त्वतः’च्या वापराविषयी एक सूचना करावीशी वाटते. ‘मागणी तत्त्वतः मान्य झाली’ एवढेच लिहून थांबू नये. काय ठरायचे बाकी आहे, ते कोण ठरवणार आणि केव्हापर्यंत, हे त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात लिहावे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून पायी मुंबईला आलेल्या शेतकऱ्यांनी आझाद मैदान सोडण्यापूर्वी आश्वासन लेखी घेतले, ते याच कारणाने असावे.